औषधांना दाद न देणारे जंतू : खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

या सदरासाठी पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आली. काही घरच्या माणसाच्या आजारपणातून लिहिलेली, काही लॅबमध्ये किंवा वॉर्डात काम करणाऱ्यांची. रोज कल्चर (नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी) लावणाऱ्या आणि वाचणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लोकांनी उत्तरं दिली आहेत. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. रिपोर्ट खरा कसा यावा आणि जंतू एकाकडून दुसऱ्याकडे कसा जाऊ नये, एवढ्यापुरतंच इथे बोललो आहोत.

सासूबाईंना वर्षभरात चार वेळा लघवीचा त्रास झाला. दोनदा कल्चर केलं, दोन्ही वेळा ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्यावा’ असा रिपोर्ट आला. पैसे गेले आणि हाती काही लागलं नाही. चूक लॅबची की आमची?
— एक गृहिणी, भुसावळ

ताई, अशी गडबड बहुतेक वेळा बाटली भरताना आणि ती लॅबपर्यंत पोचायच्या आत होते. लॅबवाले लघवीचा ०.००१ मिलिलीटर एवढाच थेंब मापाच्या लूपने प्लेटवर पसरतात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जेवढे ठिपके उगवतील त्यांना हजाराने गुणायचं. शंभर ठिपके म्हणजे मिलिलीटरमागे एक लाख जंतू. हा आकडा संसर्गाकडे बोट दाखवतो. पण तीन किंवा जास्त प्रकारचे ठिपके एकत्र आले, तर ते बहुधा कातडीवरून आलेले असतात आणि लॅब ‘मिश्र वाढ’ लिहिते.

आता उन्हाचा हिशेब बघा. आतड्यातला ई. कोलाय ऊब आणि खायला मिळालं की साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्टपट. बाटली भरताना कातडीवरचे मिलिलीटरमागे दोन हजार जंतू आत गेले आणि ती बाटली मे महिन्यात पिशवीत दोन तास राहिली, तर लॅबच्या टेबलावर सव्वा लाख जंतूंची लघवी पोचते. लॅबला तो संसर्गच दिसणार.

म्हणून पुढच्या वेळी असं करा. बाटली लॅबकडूनच आणा, निर्जंतुक आणि रुंद तोंडाची. घरातली बाटली उकळून घेतली तरी चालणार नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम. नाहीतर निदान तीन-चार तास लघवी न केलेली असावी. आधी हात साबणाने धुवा. मग लघवीची जागा साबण-पाण्याने पुढून मागे धुऊन भरपूर पाण्याने साफ करा. तिथे जंतुनाशक द्रव लावू नका. त्याचा थेंब बाटलीत गेला तर खरे जंतूही मरतात आणि रिपोर्ट कोरा येतो. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली वीस-तीस मिलिलीटर बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. बाटलीच्या काठाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका.

दोन तासांत लॅब गाठता येत नसेल तर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणात नको. चार अंशांच्या आसपास ती चोवीस तास टिकते. नेताना थर्मासमध्ये बर्फाची थैली घालून न्या. सासूबाईंना बसून असं जमत नसेल, तर परिचारिकेकडून तेवढ्यापुरती बारीक नळी घालून नमुना घेता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुना गोळीच्या आधी द्या. घरात उरलेली एक गोळी आदल्या रात्री घेतली असेल तर तेही फॉर्मवर लिहा, लपवू नका.

रिपोर्टात एका औषधापुढे २८ आणि एस (म्हणजे औषध लागू पडतं), दुसऱ्यापुढे १८ आणि एस होतं. डॉक्टरांनी १८वालं दिलं. २८वालं जास्त जोरदार नव्हतं का?
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. तो आकडा मिलिमीटरचा असतो. प्लेटभर जंतू पसरून त्यावर औषधाची कागदी चकती ठेवतात. चकतीतून औषध पाझरतं आणि भोवती जंतू न उगवलेलं गोल वर्तुळ राहतं. त्या वर्तुळाची रुंदी म्हणजे हा आकडा. पण प्रत्येक चकतीत औषध वेगळ्या मात्रेत असतं आणि प्रत्येक औषध आगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, वेगळ्या वेगाने पसरतं. ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनचं वर्तुळ १७ किंवा जास्त असलं की ते एस. सेफ्ट्रायॅक्सोनला मात्र २३ किंवा जास्त लागतं. तेव्हा १८ आणि २८ यांची आपसात तुलना होत नाही. दोघंही आपापल्या परीक्षेत पास झाले, एवढाच त्याचा अर्थ.

मग डॉक्टर काय बघतात? नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, रक्तात फारसं राहत नाही. नुसती मूत्राशयाची जळजळ असेल तर ते नेमक्या जागी काम करतं, आणि रुग्णालयात लागणारी मोठी औषधं मागे राखली जातात. तेच थंडी वाजून ताप असेल आणि कमरेत दुखत असेल, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडात गेला असेल, तर ते पुरत नाही. औषध लहान की मोठं यापेक्षा ते कुठे पोचतं हे आधी बघतात.

तुमच्यासारख्या बारकाईने वाचणाऱ्यांनी आणखी एक बघावं. काही जंतूंना काही औषधं निसर्गतःच लागू पडत नाहीत. क्लेबसिएलापुढे अँपिसिलीन एस, प्रोटियसपुढे नायट्रोफ्युरँटॉइन एस किंवा एन्टरोकोकसपुढे कोणतंही सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रायॅक्सोनच्या गटातलं औषध) एस लिहिलेलं दिसलं, तर जंतू ओळखण्यात किंवा टाइप करण्यात चूक आहे. डॉक्टरांना सांगा आणि लॅबला फोन करा. चांगली लॅब अशा फोनवर रागवत नाही.

आमच्या लॅबमध्ये एमआरएसए (मेथिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) वर्षभर सापडतो, पण एप्रिल ते जूनमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. त्याच रुग्णालयातले, तसेच पू. क्वालिटी कंट्रोल पास होतो. काय चुकतंय?
— लॅब टेक्निशियन, शिरपूर

भाऊ, आधी इन्क्युबेटरचं, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार पेटीचं, दार उघडा आणि आतलं तापमान स्वतःच्या थर्मामीटरने बघा. डिजिटल आकड्यावर विसंबू नका.

साध्या इन्क्युबेटरमध्ये तापवायची तार असते, थंड करायची सोय नसते. बाहेरची हवा ३५ अंशांच्या पुष्कळ खाली असेल तरच तो ३५ अंशांवर स्थिर राहतो. खोलीत ४२ अंश असतील तर थर्मोस्टॅट तार बंद करून गप्प बसतो आणि आत खोलीएवढी किंवा थोडी जास्तच ऊब राहते. ई. कोलाय तिथेही मजेत उगवतो, प्लेट भरलेली दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं मेथिसिलीनला न जुमानणं मात्र जास्त तापमानात झाकलं जातं. ते पकडायला सेफॉक्सिटिन या औषधाची ३० मायक्रोग्रॅमची चकती लावून प्लेट ३३ ते ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवायची असते. ३५च्या वर एमआरएसए निसटू शकतो. २१ मिलिमीटर किंवा कमी आलं तर एमआरएसए, २२ किंवा जास्त आलं तर नाही. एवढ्या बारीक रेषेवर तीन-चार अंशांचा फरक रिपोर्ट उलटा करतो.

क्वालिटी कंट्रोल पास का होतो? तुम्ही बहुधा एटीसीसी २५९२३ हा पडताळणीसाठीचा प्रमाणित स्टॅफिलोकोकस लावत असाल. तो साधा, औषधाला दबणारा जंतू आहे. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे तापमान चुकलं तरी तो एस येणारच. सोबत एटीसीसी ४३३०० लावा. त्यात मेथिसिलीनला न जुमानण्याचं मेकए हे जनुक आहे आणि त्याचं सेफॉक्सिटिनचं वर्तुळ २१ किंवा कमीच यायला हवं. ज्या दिवशी ते २१च्या वर गेलं, त्या दिवशीचा एकही एमआरएसए-नाही असा रिपोर्ट बाहेर सोडू नका.

उपाय सरळ आहे: थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर, किंवा इन्क्युबेटरच्या खोलीला एसी आणि खोली २५ अंशांवर. थर्मामीटर ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा, म्हणजे दार उघडलं की पारा लगेच हलणार नाही. सकाळ-संध्याकाळ नोंद करा. वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, हेही त्याच वहीत लिहा.

तापमान बरोबर असेल तर पुढे या तीन गोष्टी तपासा. आगारची जाडी ४ मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या प्लेटला साधारण २५ मिलिलीटर म्युलर-हिंटन आगार लागतं. काटकसरीने १५ मिलिलीटर ओतलं की वर्तुळं फुगतात आणि न दबणारा जंतू दबलेला दिसतो. जाड ओतलं की उलटं होतं. दुसरं, जंतूचं पाणी ०.५ मॅकफर्लंड (गढूळपणाचं माप) एवढंच गढूळ हवं. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३. पातळ पडलं तर पुन्हा खोटा एस. तिसरं चकत्यांचं. फ्रीझरमधून काढलेली डबी बंदच ठेवून तास-दोन तास बाहेर राहू द्या, मगच उघडा. पावसाळ्यात गार डबी लगेच उघडली की आत दव धरतं आणि बीटा-लॅक्टम (पेनिसिलीनच्या कुळातली) औषधं ओलाव्याने मरतात. जंतू प्लेटवर पसरल्यानंतर १५ मिनिटांत चकत्या ठेवा, त्यानंतर १५ मिनिटांत प्लेट आत.

ब्लड कल्चरच्या बाटल्या रात्री घेतल्या तर सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायच्या का? आणि दोन बाटल्यांचा हट्ट कशासाठी? नातेवाईक खर्चावरून भांडतात.
— परिचारिका, चोपडा

फ्रिजमध्ये कधीच नाही. लघवी आणि रक्त यांचा नियम नेमका उलटा आहे. लघवीतले जंतू वाढू द्यायचे नसतात. रक्तात मुळात जंतू मोजकेच असतात, त्यांना वाढवायचंच असतं. थंडीत काही नाजूक जंतू मरतात. बाटली २० ते २५ अंशांच्या खोलीत ठेवा आणि शक्यतो चार तासांच्या आत मशीनमध्ये जाऊ द्या. उन्हाळ्यात खिडकीतल्या कट्ट्यावर ठेवू नका. ती खोलीची ऊब राहत नाही, भट्टी होते.

दोन बाटल्या म्हणजे दोन वेगळ्या हातांवरून, दोन वेगळ्या टोचण्या. मोठ्या माणसात प्रत्येकीत ८ ते १० मिलिलीटर रक्त. तीन मिलिलीटर घातलं तर जंतू हातात न लागण्याची शक्यता फार वाढते. रक्ताचं प्रमाण हीच या तपासणीची ताकद आहे. कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस एकाच बाटलीत उगवला तर तो बहुधा सुईबरोबर आत गेला. दोन्हींत तोच उगवला तर विचार करावा लागतो. एकच बाटली असेल तर हे कळायला मार्ग नाही, आणि मग रुग्णाला आठ-दहा दिवस व्हँकोमायसिन नाहक मिळतं. तो खर्च दुसऱ्या बाटलीपेक्षा कितीतरी मोठा, हे नातेवाइकांना असंच सांगा.

२ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के अल्कोहोल असलेल्या द्रवाने जागा ३० सेकंद घासा आणि सुकू द्या, फुंकर मारू नका. शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढल्यावर खालचं रबरही अल्कोहोलने पुसा. टोपणाखाली होतं म्हणून ते निर्जंतुक नसतं. आधीच लावलेल्या सलाइनच्या नळीतून रक्त ओढू नका. आणि पहिलं इंजेक्शन रक्त घेतल्यावर. रुग्ण गंभीर असेल तर दोन्ही टोचण्या पाठोपाठ उरका, औषध अडवून धरू नका.

ताप आला की इकडे विडाल करतात, ‘टायफॉइड निघाला’ म्हणतात आणि सलाइनमधून इंजेक्शन सुरू. वर्षात दोनदा टायफॉइड होतो का?
— आशा कार्यकर्ती, धडगाव

होऊ शकतो, पण विडालने ते सिद्ध होत नाही. विडाल जंतू शोधत नाही, शरीरात बनलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती पहिल्या आठवड्यात बहुधा नसतात. पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल किंवा लस घेतली असेल तरी ती राहतात, आणि इतर तापांतही थोडी वर येतात. पहिल्या आठवड्यात, औषधाआधी घेतलेलं ब्लड कल्चर हाच भरवशाचा मार्ग. त्यातूनच कळतं की सिप्रोफ्लॉक्सासिन लागू नाही. भारतातल्या टायफॉइडच्या जंतूवर ते आता सहसा चालत नाही. सातपुड्यात ताप म्हटलं की मलेरियाची तपासणी आधी करायची, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्यात साल्मोनेला रक्तातून हाडात जाऊन बसतो. सिकलसेलच्या मुलाला ताप आणि एका जागी हाड दुखणं असेल तर गावात इंजेक्शन घेऊन वाट बघू नका, ब्लड कल्चर होईल अशा रुग्णालयात त्याच दिवशी पाठवा.

आमच्या वीस खाटांच्या रुग्णालयात एका रुग्णाच्या लघवीत मेरोपेनेम या मोठ्या औषधाला न जुमानणारा क्लेबसिएला निघाला. घाबरून वॉर्ड बंद करावा का? काय काय करायचं, मापासह सांगा.
— हॉस्पिटल व्यवस्थापक, पाचोरा

वॉर्ड बंद करू नका. हा जंतू हवेतून उडत नाही. हात, ओली भांडी, सिंक आणि यंत्रं यांवरून तो जातो. म्हणजे त्याला अडवणं तुमच्या हातात आहे.

रुग्णाला शौचालय असलेली स्वतंत्र खोली द्या; नसेल तर कोपऱ्यातली शेवटची खाट. त्याचा स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, थर्मामीटर आणि लघवी मोजायचं भांडं वेगळं. जवळ जाणाऱ्याला हातमोजे आणि गाऊन, दोन्ही खाटेपाशीच काढायचे. हातमोजे घालून पुढच्या रुग्णाला हात लावला तर ते मोजे नसण्यापेक्षा वाईट, कारण घातल्यावर माणूस हात धूत नाही.

हातांसाठी द्रव स्वतः बनवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे १० लिटरला: ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१५ मिलिलीटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलीटर, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिलिलीटर, आणि बाकी उकळून गार केलेलं पाणी १० लिटरच्या खुणेपर्यंत. पेरॉक्साइड हातासाठी नसतं; बाटलीत असलेले जंतूंचे बीजाणू मारायला असतं. म्हणून भरल्यावर ७२ तास तसंच ठेवा, मग वापरा. या मिश्रणाला १९ अंशांवरही आग लागू शकते, आणि आपल्याकडे १९ अंश म्हणजे थंडीतली पहाट. स्वयंपाकघर आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरपासून ते दूर ठेवा. तळहातभर, साधारण ३ मिलिलीटर घेऊन २० ते ३० सेकंद चोळायचं. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद.

फरशी आणि खाटेसाठी हायपोक्लोराइट. बाजारात ५ टक्के म्हणून मिळतं त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे ०.५ टक्के. आधी साबण-पाण्याने पुसून घ्या. मळावर ओतलेलं क्लोरीन मळातच खर्च होतं. मग दहा मिनिटं ओलं राहू द्या. रोज ताजं करा. कॅन कुठे आहे तेही बघा. गच्चीच्या जिन्यात उन्हात राहिलेलं हायपोक्लोराइट उन्हाळाभरात इतकं उतरतं की ५ टक्के हे फक्त लेबलवर उरतं. लहान कॅन घ्या, सावलीत ठेवा, तारीख लिहा. ते टॉयलेट साफ करायच्या आम्लात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

सिंककडे कोणी बघत नाही. लघवीची पिशवी, सलाइनचं उरलेलं पाणी किंवा सक्शनची बाटली हात धुवायच्या सिंकमध्ये रिकामी केली की हा जंतू गाळणीखालच्या नळीत चिकट थर करून महिनोन्महिने राहतो. नळाची धार थेट त्या भोकावर पडली की शिंतोडे मीटरभर उडतात. सांडपाणी ओतायची जागा वेगळी करा आणि सिंकच्या मीटरभरात औषधाचा ट्रे ठेवू नका.

त्या रुग्णाला ताप, जळजळ काही नसेल तर जंतू फक्त वस्तीला असेल. केवळ रिपोर्ट आला म्हणून औषध नको. आणि त्याला नाशिक-मुंबईला हलवत असाल तर कागदावर ठळक लिहा: कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटाला) न जुमानणारा क्लेबसिएला आढळला आहे. हे लपवलं तर तिथल्या अतिदक्षता विभागातल्या दहा जणांचं नुकसान होतं.

आजोबांना कायमची लघवीची नळी आहे. दर महिन्याला कल्चर करतो, दर वेळी जंतू निघतात, दर वेळी नवं औषध. ते म्हणतात, ‘माले बरं वाटस’. तरी द्यायचं?
— नातू, शहादा

आजोबांचं ऐका आणि डॉक्टरांशी बोला. महिनाभर राहिलेल्या नळीत जंतू असतातच. ताप, थंडी, पोटात दुखणं किंवा अचानक गुंगी नसेल तर त्यावर औषध देत नाहीत. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेला रुग्ण हे अपवाद. दर महिन्याच्या औषधाने जंतू संपत नाहीत, फक्त दर महिन्याला जास्त टणक जंतू उरतो. लक्षणं असतील तेव्हा जुनी नळी बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा: नळीच्या बुंध्याचा रबरी भाग अल्कोहोलने पुसून, सिरिंजने. पिशवीतलं पाणी कधीच नाही, आणि काढलेल्या नळीचं टोकही नाही.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कार्बापेनेमेज (कार्बापेनेम औषधं फोडणारं जंतूचं विकर, म्हणजे एन्झाइम) शोधायचं आहे. पीसीआरचे, म्हणजे जनुक तपासणीचे, पैसे नाहीत. खात्रीची पद्धत आहे का?
— विद्यार्थिनी, जळगाव

आहे, आणि ती स्वस्त आहे: एमसीआयएम. जंतू मेरोपेनेम फोडणारं विकर बनवत असेल तर त्याच्या पाण्यात बुडवलेली मेरोपेनेमची चकती निकामी होते, इतकंच तिचं तत्त्व.

रात्रभर ब्लड आगारवर उगवलेल्या क्लेबसिएला किंवा ई. कोलायचा १ मायक्रोलीटरचा लूपभर घेऊन नळीतल्या २ मिलिलीटर ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये (जंतूंच्या पातळ खाद्यात) मिसळा; स्यूडोमोनास असेल तर १० मायक्रोलीटरचा लूप. १० ते १५ सेकंद व्हॉर्टेक्स करा. १० मायक्रोग्रॅम मेरोपेनेमची चकती पूर्ण बुडवा. ३५ अंशांवर चार तास, फार तर पंधरा मिनिटं इकडेतिकडे. ते संपत येताच एटीसीसी २५९२२ ई. कोलायचं ०.५ मॅकफर्लंड पाणी म्युलर-हिंटनवर पसरा आणि प्लेट सुकू द्या. चकती लूपने उचलून नळीच्या काठावर ओढत जादा पाणी निथळवा, मग प्लेटवर. १८ ते २४ तासांनी मोजा. वर्तुळ ६ ते १५ मिलिमीटर म्हणजे कार्बापेनेमेज आहे. १९ किंवा जास्त म्हणजे नाही. १६ ते १८ आलं आणि आत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतील तर आहे, स्वच्छ असेल तर अनिश्चित, पुन्हा करा.

पुढचं पाऊल ईसीआयएम: तसाच दुसरा ब्रॉथ, त्यात ०.५ मोलर ईडीटीएचे २० मायक्रोलीटर. ईडीटीए जस्त ओढून घेतं, आणि एनडीएमसारख्या विकरांना जस्त लागतंच. वर्तुळ पहिल्यापेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढलं तर ते धातूवर चालणारं विकर. हा भेद रुग्णाच्या कामाचा आहे. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे औषध ओएक्सए-४८ या जस्ताशिवाय चालणाऱ्या विकराच्या जंतूवर चालतं, एनडीएमवर नाही.

हात पोळतात ते इथे: चकती न निथळता ठेवली तर पाणी पसरून वर्तुळ वेडंवाकडं होतं. लूपऐवजी काडीने अंदाजे जंतू घेतला तर निकाल दर वेळी वेगळा. एकाच जंतूत एनडीएम आणि ओएक्सए-४८ दोन्ही असतील, आणि आपल्या देशात असे जंतू नवे नाहीत, तर ईसीआयएम खोटं नकारार्थी येऊ शकतं. प्रबंधात ही मर्यादा लिहा. असिनेटोबॅक्टरवर ही पद्धत लावू नका, तिथे ती भरवशाची नाही. दर वेळी होकारार्थी म्हणून एटीसीसी बीएए-१७०५ आणि नकारार्थी म्हणून बीएए-१७०६ सोबत ठेवा. कोलिस्टिन हे शेवटचा पर्याय म्हणून राखलेलं औषध मात्र चकतीने तपासूच नका. तो मोठा रेणू आगारमध्ये नीट पसरत नाही आणि चकती खोटं सांगते. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (पातळ खाद्यात औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत बघणं) हवं. टाकाऊ प्लेटा १२१ अंश, १५ पौंड दाबावर ६० मिनिटं. बादलीभर प्लेटा दाबून भरल्या तर मधल्या प्लेटांपर्यंत वाफ पोचत नाही.

औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ कशाची?
— वाचक, धरणगाव

चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, याची. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ (कायद्यातली जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी) मधल्या औषधांसाठी दुकानदाराने वेगळी वही ठेवायची असते. तीत डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं अशी नोंद असते आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स आणि कार्बापेनेम त्यात आहेत.

म्हशीच्या सडात कासदाहाची ट्यूब सोडली. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही? वासराला पाजलं तर चालेल?
— दूध उत्पादक, रावेर

ट्यूबच्या डबीवर दूध न घालण्याचे दिवस छापलेले असतात, तेच पाळा. छापलेले नसतील तर औषध नियमावलीतल्या नियम ९७ प्रमाणे दुधासाठी किमान सात दिवस. एकाच सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. उकळल्याने बहुतेक औषधं जात नाहीत. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, त्यावरून अंदाज येतो; पण दही लागलं म्हणून दूध निर्धोक, असं धरू नका.

वासराला नको. थोडं-थोडं औषध रोज आतड्यात गेलं की तिथले दबणारे जंतू मरतात, न दबणारे वाढतात, आणि तेच शेणातून गोठ्यात येतात. खड्डा करून ओता, पाटाच्या किंवा विहिरीच्या जवळ नको.

पुढच्या वेळी ट्यूब सोडायच्या आधी दुधाचं कल्चर करून घ्या. सड धुऊन कोरडं करा, टोक ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडा. निर्जंतुक नळी आडवी धरून, म्हणजे कासेवरचा कचरा आत पडणार नाही, ५ ते १० मिलिलीटर घ्या. बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला. आणि खाद्यातून किंवा पाण्यातून कोलिस्टिन देणारं काही कोणी विकत असेल तर घेऊ नका. जनावरांसाठी ते २०१९ पासून देशात बंद आहे.